एक प्रवेश मिळाल्यानंतर

अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें नोव्हेंबरांतील आगाऊ अर्जांचा निकाल डिसेंबरांत कळवितात. प्रवेश मिळाल्यावर आणखी अर्ज करावे काय? ब्राऊन विद्यापीठाचा आगाऊ प्रवेश वचनाचा असतो. आर्थिक साहाय्य अपुरें पडल्यावांचून त्यांतून सुटका नाहीं, इतर अर्ज मागें घ्यावे लागतात. येलचा तसा नसतो. तेथें १ मेपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. अशा विद्यार्थ्यानें स्वतःस विचारावें : नवी संस्था मिळालेल्या संस्थेहून अधिक प्रिय आहे काय? तेथील साहाय्यानें आईबापांवरील कर्जाचा भार हलका होईल काय? दोहोंचें उत्तर नकारार्थी असल्यास अर्ज करूं नये. केवळ मानासाठीं जमविलेलीं प्रवेशपत्रें शुल्क खातात आणि दुसऱ्या मुलाची जागा उगाच अडवून ठेवितात.