बसलेलं जनावर उठवायचं नसतं

अंबरनाथहून मी, आणि हा आपला नवा भाग. ज्यांची रेंज बदलापूरनंतर गायब होते, त्यांच्यासाठी नेहमीसारखं बोललेलं सगळं इथे लिहून टाकतोय.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. धनुष्यबाणाने केलेली हरणाची शिकार, आणि त्याहून जास्त म्हणजे, जखमी जनावराचा माग कसा काढतात. आधीच सांगतो, मी शिकारी नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस आहे. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही.

नोव्हेंबरचा शनिवार होता. आम्ही तिघं मित्र पहाटेच्या कर्जत लोकलने वांगणीला उतरलो आणि चंदेरीच्या वाटेला लागलो. वाट दाखवायला पायथ्याच्या ठाकरवाडीतले एक मामा सोबत होते. वय साठीच्या पुढे, पायात साध्या स्लीपर, आणि तरी आमच्या पुढे. अर्ध्या तासाने मामा अचानक थांबले. गवतावर दव होतं आणि एका पात्यावर लाल थेंब. मला तर तो दिसलाही नव्हता.

मामा खाली बसले. म्हणाले, "भेकर आहे. मागचा पाय. फासकीतून सुटलंय." मी विचारलं, कशावरून? तर खुराची एक खूण उमटलीच नव्हती, नुसती फरफट होती. रक्त गवतावर गुडघ्याच्या खालीच लागलेलं, म्हणजे जखम खाली, पायाला. आणि थेंबाची शेपूट ज्या बाजूला ओढली गेलेली, त्या बाजूला जनावर गेलेलं. त्यांनी थेंबाशेजारी एक काटकी खोचली आणि आम्हाला बजावलं, मागावर पाय द्यायचा नाही, कडेने चालायचं.

मला हे एकदम ओळखीचं वाटलं. सर्व्हर पडला की नवीन पोरं काय करतात? पहिलं रिस्टार्ट मारतात. मग काय झालं होतं त्याचा पुरावाच जातो. मामांची काटकी म्हणजे शेवटची खात्रीची नोंद. पुढचं हरवलं तर परत तिथे यायचं.

असं करत पन्नासेक पावलं गेलो आणि कारवीच्या जाळीत ते दिसलं. भेकर. कुत्र्याएवढं, तांबूस रंगाचं. बसलेलं होतं, मान वर, आमच्याकडेच बघत. मामांनी हात आडवा धरला. "थांब." पण माझ्या मित्राने फोन वर काढला, आणि मी, खरं सांगतो, वाचवायच्या भरात पुढे धावलो. जॅकेट टाकून धरू, खाली नेऊ, कुणालातरी फोन करू, असं काहीतरी डोक्यात होतं. ते उठलं. तीन पायांवर उड्या मारत थेट खालच्या घळीत.

मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते बसलं होतं. बसलेलं जनावर उठवायचं नसतं, पोरा."

नंतर वाटेत त्यांनी सांगितलं की त्यांचा आजा तीरकमठा घेऊन रानात जायचा, कायद्याच्या आधीच्या काळात. त्याचा नियम होता, तीर लागला की मागे पळायचं नाही. जागेवर बसायचं, एक बिडी ओढायची, मग उठायचं.

घरी आल्यावर मी याबद्दल वाचत गेलो. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे. लायसन्स लागतं, ठरलेला हंगाम असतो. आणि तिकडच्या शिकाऱ्यांचा नियम काय? बाण लागला की अर्धा तास थांबा! आमच्या मामांच्या आजाने काही त्यांचं मॅन्युअल वाचलेलं नव्हतं.

कारण साधं आहे. बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते. बाण रक्तस्रावाने मारतो. नेम फुप्फुसावर बरोबर बसला तरी हरीण आधी पळतं. पाठलाग जाणवला नाही तर थोड्या अंतरावर आडोसा बघून बसतं आणि बहुतेकदा तिथेच मरतं. मागे लागलात तर जीव खाऊन पळतं आणि मग सापडत नाही. म्हणून शिकारी आधी रक्त वाचतो. फेसाळ, भडक लाल असेल तर फुप्फुस, अर्धा तास पुरे. गडद असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट आणि वास येणारं असेल तर बाण पोटात गेलाय, सहा-आठ तास, कधी रात्रभर. ती रात्र त्या जनावराची कशी जात असेल, हा प्रश्न उरतोच. ब्रिटन आणि जर्मनीत धनुष्यबाणाने शिकारीला बंदी आहे, आणि जनावर जखमी होऊन हाल होतात हाच त्यामागचा मोठा मुद्दा आहे.

आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली. आणि कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, हाकणं हेही त्यात येतं. धनुष्य गेलं, पण तारेची फासकी राहिली. बाण सोडणारा निदान समोर उभा असायचा, मागही काढायचा. फासकी लावणारा घरी झोपलेला असतो.

आता अंबरनाथकरांनो, आपल्या शिवमंदिराकडे या. इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. महाशिवरात्रीला तिथे केवढी रांग असते, आपण सगळे उभे राहिलोय. त्या रात्रीची गोष्ट कोणाची आहे? एका धनुर्धारी शिकाऱ्याची. शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातला व्याध. पाणवठ्याशेजारच्या बेलावर चढून तो रात्रभर हरणाची वाट बघतो. अमेरिकेतले शिकारी आजही झाडावर मचाण बांधून अगदी असेच बसतात. हरिणी त्याला म्हणते, मला आता सोड, मी परत येईन. तो थांबतो. सगळी गोष्ट त्याच्या थांबण्यावर उभी आहे.

आकाशात मात्र बाण सुटलाय. डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा आणि पूर्वेकडे बघा. चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधले एका रेषेतले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. ती रेषा खाली वाढवली की लखलखणारा व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तो रोज मागावर असतो, पण अंतर तेवढंच ठेवून. मला आता ते बघताना चंदेरीची घळ आठवते.

त्या भेकराचं काय झालं? मामांनी तीन तास माग काढला. उलटलेली पानं, मोडलेली काटकी, एके ठिकाणी नुसत्या घोंघावणाऱ्या माश्या. मग ओढ्याचा उघडा कातळ लागला आणि माग संपला. मामा शेवटच्या काटकीपाशी परत गेले, दुसऱ्या बाजूने गोल फिरले, पुन्हा आले. नाही सापडलं. हरणाच्या जातीतली जनावरं पाठलागाच्या नुसत्या ताणानेही मरतात, स्नायू आतून निकामी होतात, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. हे मला नंतर कळलं. मी धावलो नसतो तर ते वाचलं असतं का? माहीत नाही. पण निदान जिथे बसलं होतं तिथे मदत पोचू शकली असती.

म्हणून सांगतो. ट्रेकला असं जनावर दिसलं तर लांबच थांबा. आवाज नको, रील नको, पाणी पाजायला जाऊ नका. जागेचं लोकेशन घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. जमल्यास एकाने लांबून नजर ठेवा. तारेची फासकी दिसली तर फोटो आणि लोकेशन तेवढंच कळवा. आणि सोबत वाडीतलं कुणी असेल, तर त्याचं ऐका. मी ऐकलं नव्हतं.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात.