पिंजऱ्यातील पाखरांचे मागणीपत्रक



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा आम्ही पगार-बोनसावर बोलू अशी त्यांची समजूत झाली असावी. पण कामगारवस्तीत हिंडताना चाळीच्या गॅलरीत टांगलेले पिंजरे आम्ही पुष्कळ पाहतो, आणि ‘पाखरे दोन वर्षे झाली तरी अंडी देत नाहीत, काय करावे?’ हा प्रश्नही आम्हांस अनेकदा ऐकावा लागतो. आज त्याचेच उत्तर द्यावयाचे योजिले आहे.

प्रथम एक खुलासा. गळ्यात कंठी असलेला आपल्याकडचा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होय. आम्ही बोलत आहोत ते बाजारात ‘लव्हबर्ड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या चिमुकल्या पाखराविषयी. त्याचे खरे नाव बजरीगर. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला रहिवासी. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली त्याच्या जिवंत जोड्या इंग्लंडात आणल्या, आणि पुढे तो जगभर घरोघरी पोचला.

त्याच्या मायदेशी पाऊस बेभरवशाचा. म्हणून हे पाखरू पंचांग पाहून घरटे करीत नाही. पाऊस पडला, गवताला दाणा धरला, की थव्याच्या थवा तेथे उतरतो आणि जुन्या झाडांच्या ढोलींत अंडी घालतो. दाणा सरला की थवा पुढे निघतो. पोट भरण्याची शाश्वती नसताना संसार मांडावयाचा नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे. पिंजऱ्यातली मादी अंडी देत नाही ती हट्टाने नव्हे. तिच्या काही मागण्या अपुऱ्या राहिलेल्या असतात. आमच्या व्यवसायाच्या सवयीप्रमाणे त्या क्रमाने मांडतो.

पहिली मागणी, योग्य जोडीदार. पुष्कळ घरी दोन नर किंवा दोन माद्या एकत्र असतात आणि मालक अंड्यांची वाट पाहत बसतो! चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जो मांसल भाग असतो तो बहुतेक रंगांच्या प्रौढ नरांत निळा आणि विणीला आलेल्या मादीत तपकिरी असतो. वय वर्षाच्या आत असू नये.

दुसरी मागणी, बिरादरी. हा थव्याचा पक्षी आहे. बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले की, नराचे कूजन नुसते कानी पडले तरी मादीच्या अंडाशयाची वाढ होऊ लागते. एकाकी जोडीपेक्षा तीनचार जोड्यांच्या गलबल्यात वीण लवकर लागते, त्याचे मर्म यात आहे.

तिसरी मागणी, घर. आपल्याकडे बाजूला भोक पाडलेले मातीचे मडके टांगतात, ते चांगले. मादीला अंधारी, बंदिस्त जागा हवी. काड्या-गवताची गरज नाही. तळाशी थोडा लाकडाचा भुसा पुरतो. मात्र जोड्यांपेक्षा मडकी एकदोन अधिक असावीत, आणि सगळी एकाच उंचीवर. नाहीतर वरच्या खोलीसाठी माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात. घरांची टंचाई काय करते, हे चाळकऱ्यांना आम्ही सांगावयास नको.

चौथी मागणी, पोटभर व सकस अन्न. नुसत्या राळ्यांवर, म्हणजे दुकानदाराच्या कंगनीवर, मादीला राबवू नये. भिजवून मोड आणलेले धान्य, कोथिंबीर-मेथीची धुतलेली पाने, थोडे उकडलेले अंडे, आणि चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा सदैव पिंजऱ्यात हवा. अंड्याचे कवच मादीच्या अंगातल्या चुन्यातून बनते. तो कमी पडला की अंडे आत अडकते; मादी पिसे फुगवून तळाशी बसते, कण्हते, आणि वेळेवर ऊब व पशुवैद्य न मिळाल्यास मरते. तेव्हा या मागणीत घासाघीस चालणार नाही.

पाचवी मागणी, स्वस्थता. दिवसाड एक, अशी चार ते सहा अंडी पडतात. मादी एकटीच सुमारे अठरा दिवस ती उबवते, नर भोकाशी येऊन तिला भरवतो. पिल्लेही अंतराने फुटतात, म्हणून थोरले व धाकटे यांच्यात आठ-दहा दिवसांचा फरक पडतो. पिल्ले बाहेर यायला पाचएक आठवडे लागतात. या काळात पाहुण्यांना दाखविण्यासाठी मडके वरचेवर उतरवू नये.

आता सहावी मागणी, जी पाखरू स्वतः करू शकत नाही : विश्रांती. दाणा व मडके असेपर्यंत मादी खेपेमागून खेप घालीतच राहते. रानात दाणा सरतो आणि तिची सुटका होते. पिंजऱ्यात तो सरत नाही. म्हणून दोन खेपांनंतर मडकी काढून घ्यावीत आणि काही महिने तिला मोकळे सोडावे. विकण्यासाठी बारमाही वीण घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या माद्या लवकर मरतात आणि दुसऱ्या आणल्या जातात. बदली माणूस स्वस्त मिळतो म्हणून हजेरीपटावरच्याला झिजविण्याची ही रीत आम्हांस चांगली परिचयाची आहे.

बाळंतिणीची विश्रांती माणसांच्या जगातही कोणी आपण होऊन दिली नाही. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९२९ साली कायदा करावा लागला, देशभरासाठी १९६१ साली. बारा आठवड्यांची रजा सव्वीस व्हायला २०१७ उजाडले. स्त्रियांनी आणि संघटनांनी ती मागितली, म्हणून मिळाली. पिंजऱ्यातल्या जिवाला संघटना नाही. त्याचे अन्न, घर, ऊन, काळोख सारे आपल्या हाती. म्हणून त्याच्या बाजूने मागणारेही आपणच आणि देणारेही आपणच.

शेवटी एवढेच की, मडके टांगण्यापूर्वी हिशेब करावा. दोन खेपांत आठ-दहा पिल्ले सहज होतात. ती कोठे राहणार, कोण सांभाळणार? सोडून दिली तर आपल्या हवेत, कावळ्या-घारींत ती फार दिवस तगत नाहीत. उत्तर नसेल तर मडके टांगू नये. पाखरे अंड्यांवाचूनही सुखाने जगतात. उत्तर असेल, तर वरील सहाही मागण्या मान्य करून मगच टांगावे.