शोधता आले पाहिजे



ग्रंथालय म्हटले की पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे उभी राहतात. पण आज तेथे येणारा वाचक पुष्कळदा पुस्तक मागत नाही. त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेची तारीख किंवा दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी हवी असते. ही माहिती इंटरनेटवर असते. ती शोधावी कशी, हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नसते.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. आपल्या सोलापुरात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. यंत्रमागावरच्या बापाचा किंवा विड्या वळणाऱ्या आईचा एक दिवस वाया जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय.

पहिली गोष्ट, प्रश्न नीट मांडावा. नुसते 'शिष्यवृत्ती' लिहिले तर माहितीचा ढीग पुढे येतो. चांगला ग्रंथपाल आधी विचारतो, कोणासाठी? कितवीत आहे? कोणत्या वर्षाची? हेच प्रश्न आपण स्वतःला विचारावेत आणि त्यांची उत्तरे शोधाच्या चौकटीत लिहावीत.

दुसरी गोष्ट, माहिती कोणी दिली आणि केव्हा दिली हे पाहावे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली. तरी तिची जुनी पाने इंटरनेटवर आहेतच. ती वाचून एखादा पालक पाचवीच्या मुलासाठी उत्पन्नाच्या दाखल्याकरिता हेलपाटे घालील, आणि हाती काहीच येणार नाही. म्हणून शोधशब्दांपुढे इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून दोन टिंबे आणि जागा न सोडता 'गव्ह डॉट इन' लिहावे. मग केवळ सरकारी पाने दिसतात. त्यांवरही तारीख पाहावीच.

एक दार बंद दिसले तर शब्द बदलून पाहावेत. विडी कामगारांच्या पाल्यांसाठी श्रम मंत्रालयाची योजना निराळी आहे. 'अल्पसंख्याक' या शब्दाने ती सापडणार नाही. 'विडी कामगार पाल्य' असे लिहिल्यास सापडेल. यंदा ती खुली आहे का, हे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर पाहून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासातही हेच लागू आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांतील कुर्बान हुसेन यांच्याविषयी शोधताना नाव अवतरणचिन्हांत घालावे, म्हणजे दोन्ही शब्द जोडीने असलेली पाने मिळतील. 'हुसेन' आणि 'हुसैन' दोन्ही लिहून पाहावे. इंग्रज अमदानीतील कागदांत आपल्या गावाच्या स्पेलिंगमध्ये एसनंतर एच असे; १८८४ चे गॅझेटियर त्याच नावाने सापडते. आपल्या शहरात मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू या चारही भाषा नांदतात. एकीत सापडले नाही तर दुसरीत शोधावे.

हल्ली सर्वांत वर पुष्कळदा जाहिरात किंवा यंत्राने जुळविलेले उत्तर दिसते. वर आहे म्हणून ते खरे, असे मानू नये. मूळ पान उघडावे, आणखी एका ठिकाणी पडताळावे, आणि शंका राहिल्यास ग्रंथपालांना विचारावे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालये आपल्या गावात आहेत. तेथील ज्ञानकोश व ग्रंथ या पडताळणीसाठी आजही तितकेच उपयोगी आहेत. सार्वजनिक संगणकावर काम संपताच आपले खाते बंद करावे. आधार क्रमांक किंवा ओटीपी अनोळखी पानावर कधीही देऊ नये.

शेवटी एक विनंती. मोठ्या मुलामुलींनी रविवारी तासभर एखाद्या पालकाजवळ बसावे. त्याचे काम उरकून देण्याची घाई मात्र करू नये. माउस त्याच्याच हाती ठेवावा, शब्द त्यालाच सुचू द्यावेत. माहिती आज दिली तर आजचे काम होते. शोधण्याची रीत दिली तर पुढच्या वर्षी त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही. शिक्षणाचा हेतू याहून वेगळा तो काय?