वेगवान मोटारीची देखभाल

वेगवान मोटार दारीं आली म्हणजे तिच्या वेगाचें कौतुक घरांतील सर्वांनाच वाटतें. परंतु देखभालीची वेळ आली कीं मालकापुढें प्रश्न उभा राहतो. दुकानांत एकाच कामाचीं अनेक तेलें आणि नाना जातींचे ब्रेक पॅड मांडलेले असतात; त्यांतून निवड कशी करावी? जें महाग तें उत्तम, असा पुष्कळांचा समज असतो. खानदेशांत तो केवळ खर्चाचाच नव्हे, तर प्रसंगीं जिवाचाहि प्रश्न होतो.

जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें दक्षिणेस निघालें तर लळिंगचा घाट लागतो, आणि उत्तरेस शिरपूर ओलांडून सेंधव्याकडे जातांना बिजासनचा. छत्रपती संभाजीनगराहून चाळीसगांवला यावयाचें तर कन्नडचा घाट उतरावा लागतो. तेव्हां आपल्याकडे मोटारीची खरी कसोटी उन्हांत व उतारावर लागते. म्हणून कोणतीहि वस्तु घेतांना ती किती उष्णता सोसते, हें प्रथम विचारावें.

इंजिनाच्या तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असा कांहींसा आंकडा असतो. त्याचा पहिला भाग थंडींतील पातळपणा दाखवितो, दुसरा तापलेल्या इंजिनांतील दाटपणा. ऊन कडक म्हणून दाट तेल घाला, असा सल्ला सहज मिळतो. परंतु चालत्या इंजिनांतील तेल शंभर अंशांच्या आसपास तापलेलेंच असतें, व तें जमेस धरूनच निर्मात्यानें आंकडा ठरविलेला असतो. पुस्तिकेंत दोन आंकडे दिले असतील तरच उष्ण हवेसाठीं सांगितलेला घ्यावा. शिवाय निर्मात्याची मान्यता पाहावी. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक पेट्रोल इंजिनांसाठीं ‘व्हीडब्ल्यू ५०२ ००’ ही मान्यता सांगितलेली असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो. त्याला आधार तेलाच्या पातळ थराचाच असतो. तेथें अंदाज उपयोगी नाहीं.

सर्वांत उपेक्षित वस्तु म्हणजे ब्रेक ऑइल. नेहमीच्या वापरांतील हें द्रव्य हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें द्रव्य निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पुरेसा ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊं शकते. ‘डॉट ५.१’ साठीं हेच आंकडे २६० व १८० आहेत. लांब उतारावर ब्रेक तापून द्रव्य उकळलें कीं त्याची वाफ होते. वाफ दबते, पाय खालीं जातो, आणि गाडी मात्र थांबत नाहीं. म्हणून पुस्तिकेंत निराळें सांगितलें नसेल तर तें दर दोन वर्षांनीं बदलावें व सीलबंद डब्यांतूनच घ्यावें. ‘डॉट ५’ हें नांव जवळचें वाटलें तरी तें सिलिकॉनचें असतें; तें इतरांत मिसळूं नये.

शर्यतीचे पॅड घेण्याचा मोहहि आवरावा. ते तापल्यावर उत्तम धरतात, परंतु थंड असतांना त्यांची पकड कमी असते. सकाळीं मुलांना शाळेंत पोंचविणाऱ्या गाडीला ते योग्य नव्हेत.

कूलंटमध्यें बोअरचें जड पाणी घालूं नये; त्याचे थर रेडिएटरच्या नळ्यांत सांचतात. तीव्र कूलंट असेल तर तें सामान्यतः निम्म्यास निम्में ऊर्ध्वपातित पाण्यांत मिसळावें. अधिक घातलें तर अधिक गारवा मिळतो असें नाहीं; नुसतें ग्लायकोल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाहीं. केवळ रंग पाहून दोन जाती एकत्र करूं नयेत.

श्रोतेहो, उन्हाळ्यापूर्वीं खर्चाला पैसे मोजकेच असतील, तर प्रथम ब्रेक ऑइल व पॅड, मग कूलंट, नंतर मुदत भरली असल्यास इंजिनाचें तेल, असा क्रम ठेवावा. शक्ति वाढविणाऱ्या वस्तूंचा विचार त्यानंतर करावा. घाट उतरतांना मागच्या आसनावर आपलींच माणसें बसलेलीं असतात.