आषाढातले मालवण

आषाढात मालवणास जाणाऱ्या प्रवाशाला सिंधुदुर्ग दिसतो, पण गाठता येत नाही. कारण शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभारलेल्या या जलदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या ऐन पावसाळ्यात बंद असतात, आणि बंदरातला मनाई हुकूम मोडण्याचा आग्रह कोणताही जाणता तांडेल कानावर घेत नाही. मात्र धक्क्यावर छत्री सावरीत उभे राहून, तटावर आदळलेली लाट क्षणभर बुरूज फेसाने झाकून टाकते हे जो पाहील, त्याला पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतण्याचे प्रयोजन बखर न वाचताही उमगेल.

पाऊस फारच झोडपू लागला, तर कुडाळच्या वाटेवरील धामापूरचा तलाव गाठावा. १५३० साली बांधलेला हा जलाशय, काठचे भगवती देवीचे मंदिर आणि भोवतीची घनदाट झाडी यांचे खरे सौंदर्य, माझ्या मते, उन्हाळ्यात नव्हे, याच दिवसांत प्रकटते.

यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. उकड्या तांदळाची ऊन पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, हीच इथली आषाढातली मेजवानी.

नारळी पौर्णिमेला बंदरावर दर्याला नारळ अर्पण होतो. किल्ल्यातील शिवराजेश्वराचे दर्शन घ्यावयाचे असेल, तर होड्या सुरू झाल्याची खात्री करूनच निघावे. आणि तोवर ओल्या खडकांवर कृपया उतरू नये.