मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

(शेलूबाजार, जि. वाशिम येथे ‘घरखर्च आणि छोट्या वर्गण्या’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेलूबाजार हे नावातच बाजार मिरवणारे गाव. मंगरूळपीर तालुक्यातील शेतकऱ्याला भाव कळतो, तसेच मापही कळते. काट्यावर दोन किलोंचा फरक पडला, तरी तो तत्काळ बोट ठेवतो. परंतु त्याच्याच खात्यातून दरमहा निमूटपणे निघून जाणाऱ्या रकमेचे माप मात्र घरात कोणी घेत नाही. चित्रपट-मालिकांचे ॲप, गाण्यांचे ॲप, मुलाच्या शिकवणीचे ॲप, अशा या वर्गण्या असतात. रक्कम लहान, म्हणून दुर्लक्षित! त्या बंद केल्याने घरखर्च खरोखर कमी होतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने दिले पाहिजे. 149 रुपयांची एक मासिक वर्गणी वर्षाला 1,788 रुपये होते. अशा तीन वर्गण्यांचे 5,364 रुपये होतात. 2025-26च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरविला. म्हणजे पेरणीपासून सोंगणी-मळणीपर्यंतचे कष्ट करून पिकविलेले एक क्विंटल सोयाबीन या तीन वर्गण्यांत जाते, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर! ज्या घरात ही ॲप महिनोन्महिने कोणी उघडतही नाही, तेथे त्या बंद करणे हा कंजूषपणा नसून विवेक आहे.

आता पारड्याची दुसरी बाजू पाहावी. 2023-24च्या राष्ट्रीय उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील दरडोई मासिक खर्च 4,122 रुपये होता. चौघांच्या कुटुंबाचे सुमारे साडेसोळा हजार झाले. त्यात तीन वर्गण्यांचे 447 रुपये म्हणजे शंभरात पावणेतीन रुपयेही नव्हेत. याच सर्वेक्षणात ग्रामीण खर्चापैकी सुमारे 47 टक्के वाटा अन्नाचा होता आणि अन्नेतर खर्चात सर्वांत मोठा वाटा प्रवास-वाहतुकीचा. वर्गणी बंद करून मोटारसायकलच्या फेऱ्या आणि बाहेरचे खाणे तसेच चालू ठेवले, तर ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ अशी गत होते.

दरवाजा कोठे मोकळा आहे? पहिला मोबाइल रिचार्जचा. वर्षाचे महिने बारा, पण 28 दिवसांच्या रिचार्जची आवर्तने तेरा! जुलै 2024 मध्ये दूरसंचार कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा जिओचा 239 रुपयांचा रिचार्ज 299 वर गेला. या दराने एका फोनचे वर्षाला 3,887 आणि चार फोनचे 15,548 रुपये होतात. घरातील आजोबा केवळ बोलण्यापुरता फोन वापरत असतील, तर त्यांच्यासाठी इंटरनेटचे पैसे का मोजावेत? केवळ बोलणे व संदेश यांसाठी स्वतंत्र रिचार्ज द्यावा, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये केला. त्याची चौकशी दुकानात अवश्य करावी.

दुसरा दरवाजा व्याजाचा. शेकडा 3 रुपये महिना दराने घेतलेल्या 20,000 रुपयांच्या हातउसन्यावर वर्षाला 7,200 रुपये व्याज जाते. हे तीनही वर्गण्यांहून अधिक आहे. उलट, पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राची 3 टक्के सवलत मिळते. एक लाखावर ते 3,000 रुपये होतात.

मात्र कात्री चालविताना डोळे उघडे असावेत. खात्यातून आपोआप जाणारी प्रत्येक लहान रक्कम वायफळ नसते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा 20 रुपये असून, अपघाती मृत्यूस 2 लाखांचे संरक्षण आहे. जीवनज्योती योजनेचे 436 रुपयेही असेच. ‘हे कसले पैसे कापले?’ म्हणून रागाने हे हप्ते थांबविणारे घर आपलेच छप्पर काढून टाकते. ग्रंथालयाची वर्गणी, वृत्तपत्राचे बिल, साप्ताहिकाची वर्गणी यांनाही एकच कसोटी लावावी. घरात ते वाचले जाते काय? वाचले जात असेल तर ठेवावे, नसेल तर थांबवावे.

विसर पडणे हाच या व्यवहाराचा पाया आहे. म्हणूनच 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरील आपोआप वसुलीपूर्वी किमान 24 तास आधी सूचना देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक झाले. सहज सुरू होणारी पण बंद करण्यास अवघड केलेली वर्गणी ही 30 नोव्हेंबर 2023च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांत फसवी प्रथा ठरविण्यात आली. कायदा जागा आहे. गृहस्थानेही सूचना वाचली पाहिजे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाचलेला पैसा बाजूला काढला नाही, तर तो वाचलाच नाही. वर्गणी बंद केली त्याच दिवशी टपाल कार्यालयात 440 रुपयांचे आवर्ती खाते उघडले, तर पाच वर्षांत मुद्दलच 26,400 रुपये होते, व्याज वेगळे. थेंबे थेंबे तळे साचते खरे, पण त्यासाठी आधी तळे खोदलेले असावे लागते. महिन्यातून एकदा पासबुक मधोमध ठेवून पती-पत्नी, मुले आणि वडीलधारे एकत्र बसले, तर बंद काय करावे आणि राखावे काय, याचा निर्णय त्याच बैठकीत होईल. काटकसरीचा आरंभ तेथूनच होतो.