ब्रशच्या पोटात काय असते



कार्यक्रम समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत. "तू आयटीवाली, एआयवर काहीतरी बोल," असे सुचवलेही होते. पण एआयवर बोलणारे आता चौकाचौकात भेटतात. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीत आपण सगळे मिळून शाळेची दारे-खिडक्या रंगवणार आहोत. त्या खर्चाच्या यादीत एक ओळ आहे : "ब्रश, स्वस्तातले, ५० नग, वापरून टाकून देणे." ग्रुपवर त्याखाली कोणीतरी लिहिले, "रंग काय, कोणीही मारेल." तेव्हा आज मी ब्रशवर बोलणार आहे.

मला हे बोलण्याचा अधिकार काय? बऱ्याच जणांना माहीत आहे, माझे बाबा रंगारी होते. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्यांच्या रोजंदारीतून गेली. आणि हे कदाचित माहीत नसेल, की आपण पाचवीतून सहावीत जाताना, म्हणजे १९९१ च्या उन्हाळ्यात, याच वर्गांच्या दारांना हिरवा ऑइल पेंट त्यांनीच दिला होता. त्यावर नंतर आणखी हात बसले असतील, पण खाली तो रंग आहे.

हा पाहा, तीन इंची ब्रश. मागच्या बाकांवरच्यांना दिसत नसेल तर पुढे या, आज कोणी उठवणार नाही. याचे वरून तीन भाग दिसतात : लाकडी मूठ, पत्र्याचा पट्टा आणि केस. कारखान्यातले लोक या पट्ट्याला फेरुल म्हणतात. मूठ पट्ट्यात घालून बारीक खिळ्यांनी बसवलेली असते. पण जे महत्त्वाचे ते दिसत नाही. केस बोटांनी मधोमध फाकवले की आत एक फट दिसते. तिथे पट्ट्याच्या आत लाकडाची किंवा प्लास्टिकची पातळ पाचर आहे. केसांचा एकच गठ्ठा नसतो; पाचरीच्या दोन बाजूंना दोन थर असतात आणि मध्ये छोटीशी पोकळी राहते. ब्रश रंगात बुडवला की रंग या पोकळीत साठतो.

साठतो तो कशाच्या जोरावर? समईची वात आठवा. तेल खाली असते, ज्योत वर असते, तरी तेल वातीतून वर चढते. बारीक फटीत द्रव स्वतःहून वर खेचला जातो, शास्त्राच्या बाईंनी आपल्याला हे केशाकर्षण म्हणून शिकवले होते. ब्रशमध्ये हजारो केस आणि त्यांच्यामध्ये हजारो बारीक फटी असतात. रंग त्या फटींत धरला जातो, म्हणून डब्यापासून दारापर्यंत येताना तो घळाघळा गळत नाही. टोके दारावर टेकली, वाकली आणि पुढे सरकली की रंग थोडा थोडा बाहेर येतो आणि पोकळीतला रंग मागून त्याची जागा भरतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा जागेला बफर म्हणतात : माल एकदम येतो, आत थांबतो, बाहेर जाताना एका गतीने जातो.

एका हाताचा ऑइल पेंट वाळला की त्याचा थर साधारण तीस-चाळीस मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. पूर्ण दारभर हा थर सारखा बसला पाहिजे. कुठे जाड झाला तर ओघळ येतो, कुठे पातळ झाला तर खालचे लाकूड डोकावते. इतका बारीक हिशेब हे एक लाकूड, एक पत्रा आणि मूठभर केस सांभाळतात.

आता केसांकडे येऊ. ऑइल पेंटचा जुना, नामांकित ब्रश डुकराच्या केसांचा असतो. कारण तो केस मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, म्हणून तो मुळाशी ताठ राहतो आणि टोकाला मऊ वाकतो. दुसरे म्हणजे त्याचे टोक नैसर्गिकरीत्या दोन-तीन धाग्यांत फाटलेले असते. एका केसाची तीन टोके झाली की रंग जास्त धरला जातो आणि मागे उमटणारी रेघ बारीक होते. म्हणून ब्रश बनवणारा केसांची टोके कधीच कात्रीने छाटून सारखी करत नाही. सगळ्या केसांची मुळे एका बाजूला, टोके दुसऱ्या बाजूला अशी लावून घेतो, लांब-आखूड केस मिसळतो आणि गठ्ठा पट्ट्यात भरून पाचर ठोकतो. मग मुळांच्या बाजूने पट्ट्यात चिकट द्रव ओततो. हल्ली ते इपॉक्सी असते. ते घट्ट झाले की केस जागेवर बसले. शेवटी विंचरून सुटे केस काढायचे आणि मूठ ठोकायची. आपल्याकडे उत्तर प्रदेशात, बिजनौर जिल्ह्यात शेरकोट नावाचे गाव आहे. ते ब्रशच्या धंद्यासाठी ओळखले जाते. दुकानातून घेतलेला ब्रश कदाचित तिथल्या कुणाच्या हाताखालून गेलेला असेल.

या केसांसाठी जगाने किती आटापिटा केला, तेही सांगते. डुकराच्या केसांचा मोठा पुरवठा चीनमधून होई. दुसऱ्या महायुद्धात तो रस्ता तुटला. तेव्हा आसाममधून हिमालय ओलांडून चीनला युद्धसाहित्य नेणारी अमेरिकन विमाने परतताना टंगस्टन, कथील अशा मालाबरोबर डुकराचे केसही आणत. जहाजे आणि यंत्रे रंगवायला ब्रश लागतच होते. त्याच सुमारास कृत्रिम धागाही आला होता. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या धाग्यांचा टूथब्रश विक्रीला आला आणि पुढे रंगाच्या ब्रशमध्येही असे धागे रुळले. आज नायलॉन आणि पॉलिएस्टरचे ब्रश सगळीकडे मिळतात. त्यांनाही यंत्रावर मुद्दाम निमुळते करतात आणि टोके फाडतात. म्हणजे डुकराला जे जन्मतः मिळाले, त्याची नक्कल कारखान्यात करावी लागते.

मग कोणता घ्यायचा? रंग कोणता, त्यावर ते ठरते. प्राण्याचा केस पाणी पितो. पाण्यात मिसळायच्या रंगात तो थोड्या वेळाने फुगतो, लोळागोळा होतो. म्हणून प्लॅस्टिक पेंटसाठी, डिस्टेंपरसाठी कृत्रिम धाग्याचा आणि ऑइल पेंटसाठी डुकराच्या केसांचा, असा साधा नियम आहे. खेड्यात चुना द्यायला अंबाडीच्या किंवा घायपाताच्या तंतूंचा कुंचा वापरत, कारण चुना पातळ असतो आणि भिंत खडबडीत. प्रत्येक कुंच्यामागे असा काही विचार असतोच.

आता पुन्हा आपल्या यादीतल्या त्या ५० स्वस्त ब्रशांकडे. स्वस्त करताना पैसे वाचवतात कुठे? जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे. आतली पाचर जाडजूड घालतात. बाहेरून ब्रश तितकाच जाड दिसतो, पण केस निम्मे असतात. रंग साठतो भरपूर, तो धरून ठेवायला केस कमी पडतात आणि दार रंगवताना तो कोपरापर्यंत ओघळतो. केसांची टोके बोथट असतात, म्हणून रेघा उमटतात. चिकट द्रव कमी ओतलेला असतो, म्हणून केस सुटतात आणि ओल्या रंगात चिकटून बसतात. ते काढायला नख लावले की तेवढी जागा परत रंगवावी लागते. दुकानात तीन गोष्टी बघा : केस फाकवून आतली फट बघा, टोके तळहातावर दाबून सोडली की ती परत सरळ होतात का बघा, आणि केस हलकेच ओढून हातात किती येतात ते बघा. नव्या ब्रशातून एक-दोन येतील; झुपका येत असेल तर तो ब्रश परत ठेवा.

"कोणीही मारेल" याचेही उत्तर द्यायला हवे. ब्रश हिशेब सांभाळतो असे मी म्हटले, पण अर्धाच. उरलेला हातात असतो. बाबा केसांच्या एक तृतीयांश, फार तर निम्म्या उंचीपर्यंतच ब्रश बुडवायचे. पट्ट्यापर्यंत बुडवला की रंग मुळाशी जाऊन वाळतो आणि ब्रश कायमचा फाकतो. डब्याच्या काठावर निपटायचे नाहीत, आतल्या बाजूला दोनदा हलके थोपटायचे, कारण निपटल्यावर साठवलेला रंग परत डब्यातच जातो. मग दारावर तीन कामे : आधी रंग लावायचा, मग आडवा पसरवायचा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या टोकांनी, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, नुसता स्पर्श करत शेवटचा हात फिरवायचा. चांगला रंग ब्रशच्या दाबाखाली पातळ होतो आणि दाब गेला की पुन्हा घट्ट होऊ लागतो. त्या मधल्या थोड्या वेळात ब्रशच्या रेघा आपोआप बुजतात. तो वेळ निघून गेल्यावर परत ब्रश फिरवला तर चामडी ओढल्यासारखे दिसते. कुठे थांबायचे हे बाबांना कळायचे. मी विचारले तर म्हणायचे, "हाताला कळतं." सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची, पण शेवटचा हात त्यांनी मला कधी मारू दिला नाही.

एक गोष्ट मात्र ऐकायला थोडी जड आहे. रंग देण्याआधी जुना रंग घासावा लागतो. जुन्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे वापरली जात, रंगासाठी आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे या दारांवरचे खालचे थर त्याच्या खूप आधीचे आहेत. त्यात शिसे असेलच असे मी म्हणत नाही, पण आहे असे धरूनच आपण चालायचे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि या वर्गांत जूनमध्ये पाचवीची मुले येऊन बसणार आहेत. बाबांनी आयुष्यभर कोरडेच घासले, तोंडाला रुमाल बांधून. त्या काळी रंगाऱ्याला हे कोण सांगणार होते? आपल्याला मात्र आज माहीत आहे.

म्हणून समितीपुढे माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, ५० स्वस्त ब्रशांऐवजी १५ चांगले ब्रश घ्यायचे : दहा तीन इंची, पाच दीड इंची. आपण आळीपाळीने रंगवू. काम झाल्यावर ते टर्पेंटाइनने, मग साबणाच्या पाण्याने धुऊन, टांगून वाळवून शाळेच्या कपाटात ठेवू. धुण्याचे काम मी घेते. आणि ब्रश कोणीही केसांवर उभा ठेवायचा नाही. चित्रकलेचे सर यावरून किती ओरडायचे ते आठवा, त्यांचे बरोबर होते.

दुसरी, घासायचे ते ओले करून, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने. खाली ताडपत्री, तोंडाला एन-९५ मास्क, आणि खाली पडलेले झाडूने उडवायचे नाही, ओल्या फडक्याने टिपायचे. घासण्याच्या दोन दिवसांत आपली मुले शाळेत आणायची नाहीत. रंगवायच्या दिवशी हौसेने आणा.

तिसरी, गावातला एक अनुभवी रंगारी चारही दिवस आपल्याबरोबर हवा. फुकट नाही, "शाळेचं काम आहे, सांभाळून घ्या" असे म्हणून नाही. त्याची पूर्ण मजुरी द्यायची, आणि त्याच्या हाताखाली आपण काम करायचे. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन सरपंच आहेत. चार दिवस कोणाचा तरी शिष्य व्हायला आपल्याला जड जाऊ नये.

चौथी, त्याचे नाव देणगीदारांच्या फलकावर लिहायचे, आपल्या नावांच्या बरोबरीने. १९९१ च्या कामाचा फलक शाळेत आहे. त्यावर रंगासाठी पैसे देणाऱ्यांची नावे आहेत आणि ती असायलाच हवीत. रंग देणाऱ्याचे नाव तेवढे राहिले होते.

दहा मिनिटे झाली. ब्रश टेबलावर ठेवते, जेवणाच्या सुट्टीत ज्याला फाकवून बघायचा आहे त्याने बघा.